अर्ध्या मेलेल्या ॲम्प्लिफायरचं काय करायचं? इंटिग्रेटेड ॲम्प प्रीॲम्प म्हणून वापरताना



इलेक्ट्रॉनिक्समध्ये पीएचडी करणाऱ्या माणसाला गावात गेल्यावर दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, "कधी संपते बाप्पा तुझं शिक्षण?" आणि दुसरा, "एवढं शिकून राहिला, तर आमचा हा डबा दुरुस्त करून दे." पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्या गाईडकडेही नाही. दुसऱ्यावर मात्र आजचा लेख आहे.

डबा महागावच्या मामांचा. ऐंशीच्या दशकात घेतलेला स्टिरिओ ॲम्प्लिफायर, सोबत कॅसेट डेक आणि दोन लाकडी स्पीकर. उजव्या बाजूचा आवाज वर्षभरापूर्वी बंद पडला. दुरुस्तीवाल्याने उघडून पाहिलं आणि सांगितलं की आउटपुटचे ट्रान्झिस्टर गेले, तसे आता मिळत नाहीत, भंगारात द्या आणि नवा घ्या. मामांना नवा घ्यायला हरकत नव्हती. हरकत एका कॅसेटची होती. तिच्यावर माझ्या आजीच्या, म्हणजे त्यांच्या आईच्या, जात्यावरच्या ओव्या आहेत. एकच प्रत. आजी आता नाही. मामांचं म्हणणं होतं, "डेक चालू हाय, डाव्या बाजूनं आवाज येऊन राहिला, मंग सगळंच कसं मेलं?"

मामांचा प्रश्न अगदी शास्त्रीय होता. सगळं मेलं नव्हतंच. अर्धंच मेलं होतं.

एका डब्यात दोन यंत्रं

आपण ज्याला नुसतं 'ॲम्प्लिफायर' म्हणतो, तो बहुतेक वेळा इंटिग्रेटेड ॲम्प्लिफायर असतो. म्हणजे एकाच डब्यात दोन यंत्रं. पुढचं यंत्र म्हणजे प्रीॲम्प. कॅसेट, रेकॉर्ड, रेडिओ यातलं काय वाजवायचं ते निवडणं, बास-ट्रेबल कमीजास्त करणं, व्हॉल्यूम ठरवणं ही त्याची कामं. मागचं यंत्र म्हणजे पॉवर ॲम्प. त्याला एकच काम येतं : समोर आलेला सिग्नल ठरावीक पटीने मोठा करायचा आणि स्पीकरचा कागदी कोन हलवण्याइतका विद्युतप्रवाह पुरवायचा.

आकडे घालून बघू. कॅसेट डेकमधून साधारण अर्धा व्होल्ट सिग्नल येतो. प्रीॲम्प तो एक व्होल्टच्या आसपास आणून देतो. पॉवर ॲम्प त्याला साधारण २० पट करतो, म्हणजे २० व्होल्ट. ८ ओहमच्या स्पीकरवर २० व्होल्ट म्हणजे २० गुणिले २० भागिले ८, बरोबर ५० वॅट. डब्यावर '५० वॅट' लिहिलेलं असतं ते असं येतं.

गरम कोण होतं? पॉवर ॲम्प. वायर शॉर्ट झाली, व्होल्टेज वरखाली झालं, लग्नात कोणी आवाज फुल्ल ठेवला, की मार कोणाला बसतो? पॉवर ॲम्पला. पुढचं यंत्र मात्र एकदोन व्होल्ट आणि काही मिलिअँपिअरवर निवांत काम करत असतं. त्यामुळे चाळीस वर्षांचा डबा बंद पडतो तेव्हा बऱ्याचदा पुढचा भाग ठणठणीत असतो. नव्या स्वस्त ॲम्पमध्ये न मिळणाऱ्या गोष्टी, म्हणजे बास-ट्रेबलची चांगली बटणं किंवा रेकॉर्ड प्लेअरसाठीचा फोनो टप्पा, त्याच भागात असतात.

म्हणून उपाय सरळ आहे : जुन्याचा पुढचा अर्धा भाग ठेवायचा आणि त्याच्या मागे नवा पॉवर ॲम्प जोडायचा. आता प्रश्न एवढाच, की सिग्नल जुन्या डब्यातून बाहेर नेमका कुठून काढायचा.

चार दारं, आणि त्यातलं एक धोक्याचं

डबा उलटा करून मागची बाजू पाहिली की साधारण चार शक्यता दिसतात.

पहिली, 'प्री-आउट' लिहिलेल्या लाल-पांढऱ्या आरसीए पिनांच्या जागा. हे राजमार्गाचं दार. व्हॉल्यूम आणि टोनची बटणं पार करून आलेला, पण पॉवर ॲम्पमध्ये न गेलेला सिग्नल इथे मिळतो. काही जुन्या ॲम्पवर 'प्री-आउट' आणि 'मेन-इन' शेजारी-शेजारी असतात आणि पत्र्याच्या यू आकाराच्या क्लिपांनी जोडलेले असतात. डबा बंद करून ती क्लिप काढली की आतली दोन यंत्रं वेगळी झाली. प्री-आउटमधून वायर नव्या पॉवर ॲम्पला द्यायची. क्लिप हरवू मात्र देऊ नका.

दुसरी, 'रेक-आउट' किंवा 'टेप-आउट'. हे दार व्हॉल्यूमच्या बटणाच्या आधीचं आहे. निवडलेलं गाणं जसंच्या तसं, एकाच पातळीवर इथून बाहेर पडतं, मग बटण कुठेही असो. इथेच लोक फसतात. ही वायर व्हॉल्यूम नसलेल्या पॉवर ॲम्पला लावली तर पहिल्याच क्षणी पूर्ण ताकदीने आवाज येईल आणि स्पीकर जाईल. नव्या ॲम्पला स्वतःचं व्हॉल्यूम बटण असेल, तरच हे दार वापरायचं. रेकॉर्डिंगसाठी मात्र याच्यासारखं दुसरं दार नाही. त्याकडे शेवटी येतो.

तिसरी, हेडफोनची जागा. जुन्या ॲम्पमध्ये हेडफोनचा सिग्नल बहुधा पॉवर ॲम्पच्याच आउटपुटमधून रेझिस्टर लावून घेतलेला असतो. पॉवर ॲम्प शाबूत असेल आणि आवाज कमी ठेवला, तर हे दार वेळ मारून नेतं. मामांच्या डब्यात ते कामाचं नव्हतं, कारण उजवा पॉवर ॲम्प गेला म्हणजे हेडफोनची उजवी बाजूही गेली.

चौथी, स्पीकरचे स्क्रू. हेच ते धोक्याचं दार, आणि मी स्वतः त्यातून गेलेलो आहे. बारावीत असताना एका ॲम्पच्या स्पीकर आउटपुटची वायर मी थेट दुसऱ्याच्या 'ऑक्स'मध्ये घातली होती. एक व्होल्टची अपेक्षा असलेल्या जागी २० व्होल्ट गेले. आधी आवाज फाटला, मग वास आला, मग घरच्यांचा आवाज आला.

दुसरा काहीच मार्ग नसेल, तर स्पीकर आउटपुट आधी २० पटीने लहान करावा लागतो. १० किलो-ओहमचा एक रेझिस्टर सिग्नलच्या वाटेत आणि त्यानंतर ५१० ओहमचा एक रेझिस्टर जमिनीकडे, असा विभाजक दोन्ही बाजूंना लावला की २० व्होल्टचे साधारण एक व्होल्ट होतात. २० व्होल्टवरसुद्धा यात ०.०४ वॅटच उष्णता होते, त्यामुळे पाव वॅटचे साधे रेझिस्टर पुरतात. पण एक अट आहे. हल्लीच्या अनेक छोट्या ॲम्पमध्ये स्पीकरचा काळा स्क्रू म्हणजे जमीन नसते. लाल आणि काळा दोन्हींवर सिग्नल असतो. तो काळा स्क्रू आरसीएच्या बाहेरच्या कड्याला जोडला की आउटपुट शॉर्ट. म्हणून डबा बंद ठेवून मल्टिमीटरने काळा स्क्रू आणि आरसीएचं बाहेरचं कडं यांच्यातला रोध मोजा. जवळपास शून्य आला, तरच पुढे जा. आणि व्हॉल्व्हचा ॲम्प असेल, तर त्याला स्पीकर किंवा तेवढ्याच ओहमचा मोठा रेझिस्टर लावल्याशिवाय चालूच करू नका. त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर बिनलोडाचा जळू शकतो.

यात माझं संशोधन कुठे येतं?

माझं काम मातीतला ओलावा मोजणाऱ्या सेन्सरवर आहे. सेन्सरचा सिग्नल इतका क्षीण असतो, की तो मोठा करताना सोबतचा गोंगाटही मोठा होतो. म्हणून रोजचा प्रश्न असतो : एकामागे एक ॲम्प्लिफायर लावले, तर शेवटी किती गोंगाट मिळेल? आणि मामांच्या खोलीत नेमकं तेच चाललं होतं, एकामागे एक ॲम्प्लिफायर.

या प्रश्नाचं उत्तर बेल प्रयोगशाळेतल्या हॅराल्ड फ्रीस यांनी १९४४ मध्ये दिलं. रेडिओ रिसीव्हरसाठी लिहिलेल्या त्यांच्या सूत्राचा मथितार्थ असा : पहिल्या टप्प्याचा गोंगाट पूर्णच्या पूर्ण मोजायचा; दुसऱ्या टप्प्याने घातलेल्या भरीला पहिल्या टप्प्याच्या वाढीने भागायचं; तिसऱ्याच्या भरीला पहिल्या दोघांच्या एकत्रित वाढीने भागायचं. म्हणजे पुढच्या टप्प्यांचं महत्त्व घटत जातं. दुधाचं उदाहरण घ्या. गोठ्यातच पाणी मिसळलं, तर पुढे डेअरीत स्टीलची कितीही चकचकीत टाकी ठेवा, दूध पातळ ते पातळच.

यावरून दोन गोष्टी कळतात. एक, नवा पॉवर ॲम्प महागडा घेऊन जुन्या प्रीॲम्पचा खरखराट जात नाही. आधी जुन्याची बटणं साफ करा. व्हॉल्यूम फिरवताना येणारी खरखर बहुतेक वेळा धुळीची असते. दोन, विनाकारण जास्तीची वाढ करू नका.

दुसऱ्या गोष्टीचा हिशोब मी मामांना कागदावर करून दाखवला. समजा प्रीॲम्पच्या आउटपुटवर ५० मायक्रोव्होल्ट गोंगाट आहे. पॉवर ॲम्पने २० पट केल्यावर तो झाला १ मिलिव्होल्ट. एका वॅटला एक मीटरवर ८८ डेसिबल देणाऱ्या ८ ओहमच्या स्पीकरवर त्याचा आवाज येतो साधारण १९ डेसिबल. रात्रीच्या शांततेत कान लावला तर ऐकू येईल न येईल एवढा. आता प्री-आउटऐवजी स्पीकरच्या स्क्रूवरून, मधे विभाजक न लावता, दुसऱ्या पॉवर ॲम्पला जोडलं, तर तोच गोंगाट पुन्हा २० पट, म्हणजे २६ डेसिबलने वर जातो. १९ अधिक २६, झाले ४५. आपल्याकडच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी रात्रीची मर्यादा ४५ डेसिबलच आहे. म्हणजे गाणं न लावताच तुमचा स्टिरिओ नुसत्या सुसकाऱ्याने कायद्याच्या काठावर बसला!

मामांनी विचारलं, "उन्हाळ्यात डबा जास्त खरखर करते, ते गरमीनं काय?" शंका रास्त होती. तापमान वाढलं की रेझिस्टरमधला गोंगाट वाढतो, हे बेल प्रयोगशाळेतच जॉन्सन आणि नायक्विस्ट यांनी १९२८ मध्ये दाखवून दिलं होतं. पण किती? १० किलो-ओहमच्या रेझिस्टरमध्ये, आपल्या कानाला ऐकू येणाऱ्या पट्ट्यात, २७ अंशाला साधारण १.८ मायक्रोव्होल्ट गोंगाट असतो. पारा ४५ अंशांवर गेला तर तो सुमारे ३ टक्के वाढतो. कानाला हा फरक कळणारच नाही. तेव्हा विदर्भाचा उन्हाळा इथे निर्दोष सुटतो. गुन्हेगार दुसरेच असतात.

घुंऽऽ आवाज आणि अर्थिंग

दोन डबे जोडले की नवा पाहुणा येतो : सतत चालणारा घुंऽऽ आवाज. आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ, म्हणून तो ५० किंवा १०० हर्ट्झचा असतो. दोन्ही डब्यांना तीन पिनांचे प्लग असतील आणि ते वेगवेगळ्या बोर्डांत लावले असतील, तर अर्थची तार आणि आरसीए वायरची जाळी मिळून एक मोठं वेटोळं तयार होतं. त्यातून थोडा प्रवाह फिरतो आणि सिग्नलमध्ये मिसळतो. उपाय : दोन्ही डबे एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावा, आरसीए वायर जाळीची आणि आखूड घ्या, आणि ती विजेच्या वायरींपासून लांब ठेवा.

एक 'उपाय' मात्र करू नका : अर्थची पिन तोडणं. घुंऽऽ आवाज जातो खरा, पण आतली २३० व्होल्टची तार कधी डब्याला टेकली तर ती तुमच्या हाताची वाट बघत बसते. डब्याला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं होत असेल, तर अर्थिंग आधी तपासून घ्या. आपल्या काळ्या मातीत पावसाळ्यात अर्थिंग छान मिळतं, पण उन्हाळ्यात माती सुकून भेगा पडतात आणि अर्थचा रोध वाढतो. म्हणून जुने वायरमन अर्थच्या खड्ड्यात कोळसा-मीठ घालून उन्हाळ्यात पाणी टाकायला सांगतात. त्यात अंधश्रद्धा काही नाही.

लांब वायरीबद्दलही थोडं. चांगल्या प्री-आउटचा स्वतःचा रोध हजारेक ओहम किंवा त्याहून कमी असतो. मीटरला १०० पिकोफॅरडची तीन मीटर वायर त्याला काहीच करत नाही. पण काही स्वस्त डब्यांत सिग्नल थेट व्हॉल्यूमच्या बटणावरूनच बाहेर काढलेला असतो. १०० किलो-ओहमचं बटण मध्यावर असताना त्याचा रोध २५ किलो-ओहम भरतो. त्याला तशीच दहा मीटर वायर लावली, तर साडेसहा हजार हर्ट्झच्या आसपासपासून वरचा आवाज घसरू लागतो. टाळ-झांजांची धार जाते आणि आपण स्पीकरला दोष देत बसतो. म्हणून जुना आणि नवा डबा शेजारी-शेजारी ठेवा, आणि लांब वायर न्यायचीच असेल तर स्पीकरची न्या.

चालू-बंद करायचा क्रम

आधी डेक आणि जुना डबा, शेवटी पॉवर ॲम्प. बंद करताना उलटं : आधी पॉवर ॲम्प. कारण प्रीॲम्प चालू होताना एक धक्का सोडतो; पॉवर ॲम्प आधीच जागा असेल, तर तो धक्का २० पट होऊन स्पीकरवर आदळतो. आपल्याकडे याला एक पुरवणी लागते : लाइट गेली की पहिलं काम म्हणजे पॉवर ॲम्पचं बटण बंद करणं. नाहीतर लाइट येताना सगळं एकदम चालू होऊन धप्प होतं.

नव्या ॲम्पला व्हॉल्यूम बटण असेल तर ते किती ठेवायचं? जुन्या डब्याचं बटण घड्याळातल्या दहा ते दोनच्या मधे असताना खोलीत हवा तेवढा आवाज यावा, एवढंच. फ्रीस यांच्या सूत्राने बघितलं तर कारण दिसतं : मधल्या बटणाने प्रीॲम्पचा सिग्नल आणि त्याचा गोंगाट दोन्ही सोबत कमी होतात, म्हणजे सुसकारा आपोआप खाली जातो.

मामांच्या डब्याचं काय झालं?

मामांच्या डब्याला प्री-आउट आणि मेन-इन दोन्ही होते, क्लिपा गंजलेल्या. पुसदच्या एका मेकॅनिकने पॉवर विभागाचे फ्यूज काढून बिघडलेला भाग वेगळा केला. हे काम घरी करू नका. आतले मोठे कपॅसिटर प्लग काढल्यावरही काही वेळ चार्ज धरून असतात. मग प्री-आउटला एक छोटा नवा पॉवर ॲम्प जोडला आणि दोन्ही स्पीकर बोलू लागले.

पण कॅसेट पहिल्यांदा वाजवली ती ऐकण्यासाठी नाही, उतरवून घेण्यासाठी. डेकचं हेड साफ केलं, रेक-आउटची वायर लॅपटॉपच्या ऑडिओ इंटरफेसला दिली आणि एकाच दमात दोन्ही बाजू भरून घेतल्या. रेक-आउटच्या वाटेत ना टोनची बटणं येतात ना पॉवर ॲम्प. टप्पे कमी, म्हणून गोंगाटही कमी. तुमच्याकडेही अशी एकुलती एक कॅसेट असेल, तर नवा ॲम्प घेण्याआधी हे करा. अर्धा मेलेला डबासुद्धा यासाठी पुरतो.

संध्याकाळी भरलेलं ऐकलं तेव्हा आजीच्या आवाजाखाली एक खोल घरघर होती. माझा हात सवयीने फिल्टरकडे गेला, ५० हर्ट्झचा घुंऽऽ समजून. पण अशा वेळी एक साधी चाचणी करायची असते : कॅसेट थांबवा. घुंऽऽ जोडणीतला असेल तर चालूच राहील. टेपवरचा असेल तर थांबेल. मी डेक चालवला आणि मधेच थांबवला. घरघर थांबली.

"तो आवाज काढू नको," मामा म्हणाले. "ते जातं हाय."

फाइलच्या तीन प्रती केल्या. फिल्टर लावला नाही.